प्रयोगशाळेबाहेरचं न्यायविज्ञान



२२ जून २०२५ रोजी नवा रायपूरमध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या परिसराचं आणि केंद्रीय न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळेचं भूमिपूजन झालं. तेव्हापासून ओळखीची माणसं मला एकच प्रश्न विचारतात : मुलाला, मुलीला फोरेन्सिकला घालावं का? मूल विज्ञानात रमणारं असेल तर माझं उत्तर सोपं असतं. जरूर घाला. बिलासपूरच्या गुरू घासीदास विद्यापीठात हा विभाग आहे, नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, आणि सागरच्या विद्यापीठात तर आपण छत्तीसगडवाले सगळे मध्य प्रदेशात होतो तेव्हापासून, म्हणजे १९५९ पासून, हा विषय शिकवला जातो.

आज मात्र मला त्या मुलांबद्दल बोलायचं आहे ज्यांच्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारतच नाही. बी.कॉम. करणारी, समाजशास्त्र घेतलेली, हिंदी साहित्यात किंवा भाषाविज्ञानात शिरलेली, संख्याशास्त्राच्या जेमतेम भरलेल्या वर्गात बसणारी मुलं. यांनी आपला मुख्य विषय न सोडता न्यायविज्ञान हा जोडविषय, ज्याला महाविद्यालयात आता सर्रास 'मायनर' म्हणतात, घ्यावा. आणि महाविद्यालयांनी तो विज्ञान शाखेच्या भिंतीआड न ठेवता सर्वांना खुला करावा. माझं म्हणणं एवढंच आहे. त्यासाठी तासभर घेणार आहे, कारण त्यामागे काही माणसांची आयुष्यं आहेत.

सोय झालेली आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांतले किमान २४ जोडविषयाला, चार वर्षांची पदवी घेतली तर ३२. छत्तीसगडच्या महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. २४ श्रेयांक म्हणजे साधारण सहा पेपर. सहा पेपरांत कुणी तज्ज्ञ होत नाही, आणि तसं सांगून प्रवेश देणं ही फसवणूक ठरेल. प्रयोगशाळेतल्या पदासाठी विज्ञानाची पूर्ण पदवी, बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण लागतं. मग हे सहा पेपर कशासाठी?

उत्तरासाठी आपल्याला शेजारी जावं लागेल. राजनांदगाव, मोहला-मानपूर ओलांडलं की गडचिरोली लागतं. तिथल्या देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडलं ते देशाला 'मथुरा प्रकरण' म्हणून माहीत आहे. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. चौदा ते सोळा वयाची मथुरा ही आदिवासी मुलगी, आणि बलात्काराचे आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस.

त्या प्रकरणात वैज्ञानिक पुरावा नव्हता असं समजू नका. वैद्यकीय तपासणी झाली होती, दुसऱ्या दिवशी रात्री, सुमारे वीस तासांनी. वयाचा अंदाज काढला होता. कपडे रासायनिक विश्लेषकाकडे गेले होते, आणि मुलीच्या कपड्यांवर व एका आरोपीच्या पायजम्यावर वीर्याचे डाग आढळल्याचा अहवाल आला होता. १९७२ सालच्या मानाने प्रयोगशाळेने आपलं काम केलं होतं. तरीही १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. शरीरसंबंध झाला असेल, पण तो बलात्कार नव्हे, असं म्हणून. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि ठाण्यात, रात्री, पोलिसांपुढे हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगितलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. युक्तिवादाचा मोठा भार एका वैद्यकीय नोंदीवर होता : अंगावर जखमा नाहीत.

जखमा नाहीत, हे डॉक्टरांनी पाहिलं आणि लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती होती, हा पुढचा जिना कुठल्या शास्त्राने बांधला? वैद्यकाने नव्हे. घाबरलेलं शरीर गोठून जातं, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. खाकी वर्दीपुढे एका मजूर आदिवासी मुलीचा आवाज किती उमटतो, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगितलं असतं. त्या नोंदीचा अर्थ लावताना या दोघांपैकी कुणीही खोलीत नव्हतं. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तिची संमती नव्हती असंच गृहीत धरेल. अहवालातल्या एका ओळीचा चुकीचा अर्थ दुरुस्त करायला अकरा वर्षं आणि संसद लागली.

यानंतरचा अध्यायही विदर्भातलाच आहे. कायदा बदलला, तरी तपासणीच्या टेबलावरची पद्धत तीच राहिली. 'टू फिंगर टेस्ट' नावाने ओळखली जाणारी अपमानास्पद आणि शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक तपासणी, आणि तिच्यावरून स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी मारलेले शेरे, हे चालूच होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दर्जावर सविस्तर अहवाल लिहिला, आणि तो नागपूर खंडपीठापुढच्या जनहित याचिकेचा आधार झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असं म्हटलं, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा कडक शब्दांत ती थांबवायला सांगावं लागलं. त्या निकालात अभ्यासक्रम तपासून दुरुस्त करण्याचाही आदेश आहे. म्हणजे न्यायालयालासुद्धा शेवटी वर्गखोलीच्या दाराशी यावं लागलं.

सेवाग्रामचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यात नवं यंत्र नाही, नवं रसायन नाही. एका अध्यापकाने छापील फॉर्म, शेरे, निकाल वाचले आणि विचारलं, हा रकाना इथे का आहे? याला पुरावा काय? हा प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे माझ्या मनातला जोडविषय.

आता आपल्या राज्यात येऊ. ८ नोव्हेंबर २०१४. बिलासपूरजवळचं पेंडारी. वापरात नसलेल्या एका इस्पितळाच्या इमारतीत नसबंदी शिबिर लागलं आणि एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतर १३ जणी दगावल्या. पहिल्या काही दिवसांत दोन गोष्टी समोर आल्या. सरकारकडून सांगितलं गेलं की दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांत झिंक फॉस्फाइडचा, म्हणजे उंदीर मारायच्या औषधाचा संशय आहे. दुसरीकडे शवविच्छेदनातून जंतुसंसर्गाकडे बोट जात होतं. पहिली गोष्ट खरी असेल तर दोष औषध कंपनीचा आणि खरेदीचा. दुसरी खरी असेल तर शिबिराचा, हत्यारांचा, घाईचा, उद्दिष्टांच्या आकड्यांचा.

रसायनशास्त्राचा माणूस म्हणून सांगतो, व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांच्या, बाटलीत या प्रश्नाचं उत्तर असतं, पण सगळं नसतं. गोळ्या कोणत्या बॅचच्या? त्याच बॅचच्या आणखी कुणी, शस्त्रक्रिया न झालेल्यांनी, घेतल्या होत्या का, आणि त्यांचं काय झालं? लक्षणं किती तासांनी सुरू झाली? विषाचं वेळापत्रक वेगळं, संसर्गाचं वेगळं. खरेदीची बिलं काय म्हणतात? या प्रश्नांतला एक वैद्यकाचा, एक साथरोगशास्त्राचा, एक संख्याशास्त्राचा, आणि शेवटचा थेट वाणिज्य शाखेचा आहे. हिशेबाची वही वाचता येणारी मुलगी त्या चौकशीत रसायनतज्ज्ञाइतकीच कामाची होती. आपण तिला चार वर्षं ताळेबंद शिकवतो. ताळेबंद हाही पुरावा आहे, आणि त्यालाही पंचनाम्यासारखंच जपून उचलावं लागतं, हे मात्र शिकवत नाही.

वाणिज्याचा विषय निघाला, तर इथे रायपूरच्या पंडरीतच थांबू. इथल्या कापड बाजारात वाढलेल्या मुलांचा मला नेहमी विचार येतो. महालक्ष्मी क्लॉथ मार्केटमधल्या गादीवर बसणारा पोरगा कापडाला बोट लावून काउंट सांगतो. संशय आला तर काठाचा धागा ओढून काडी लावतो. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख असेल तर सूत. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. चांपाचा कोसा आणि कोशाच्या नावाने विकला जाणारा नकली माल यांतला फरक त्याला घरात शिकायला मिळालेला आहे. न्यायविज्ञानातल्या तंतुपरीक्षणाची पहिली पायरी हीच. पुढे सूक्ष्मदर्शक येतो, रंगाचं विश्लेषण येतं, अवरक्त वर्णपट येतो.

पण त्या मुलाकडे आणखी एक गोष्ट आहे, ती प्रयोगशाळेकडे नसते. समजा घटनास्थळी एक निळा धागा सापडला आणि तो संशयिताच्या सदऱ्याशी जुळला. प्रयोगशाळा सांगेल : जुळतो. त्यावरून धागा त्याच सदऱ्याचा ठरतो का? तसा सदरा रायपुरात दहा जणांकडे आहे की दहा हजार जणांकडे, यावर त्या जुळण्याचं वजन ठरतं. आणि हे कोण सांगणार? तो माल कुठल्या गिरणीतून आला, किती थान उतरले, धमतरी-महासमुंद-जगदलपूरला किती गेले, हे ठोक व्यापाऱ्याच्या बिलबुकात आणि जीएसटीच्या नोंदीत असतं.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या खुनांच्या खटल्यात, ज्यात १९८२ मध्ये वेन विल्यम्सला शिक्षा झाली, फिर्यादी पक्षाचा कणा म्हणजे गालिच्याचे तंतू होते. एका विशिष्ट हिरव्या रंगाचा गालिचा कंपनीने सुमारे वर्षभरच बनवला होता. विक्रीच्या नोंदी काढल्या, तर दहा राज्यांत मिळून जेमतेम सोळा हजार चौरस यार्ड विकलेला. त्यावरून तज्ज्ञांनी हिशेब मांडला की अटलांटा भागात तो गालिचा साधारण ७,७९२ घरांत एका घरी असेल. सूक्ष्मदर्शकाने फक्त साम्य दाखवलं, त्या साम्याला वजन दिलं ते विक्रीच्या वहीने. आणि त्या हिशेबावर आक्षेपही घेता येतात : माल दहाही राज्यांत सारखाच वाटला गेला हे कशावरून? गालिचा किती वर्षं टिकला हे कशावरून? ते आक्षेप घ्यायलाही व्यापार कळणारा माणूसच लागतो. पंडरीच्या पोराला हा धडा एकदा शिकवून पाहा. त्याला पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

याच जागी संख्याशास्त्राबद्दल दोन वाक्यं. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या आईला स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा घरात दोन आकस्मिक बालमृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी ८,५४३ चा वर्ग केला होता, दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून. एकाच घरात, एकाच आईबापांच्या रक्तातल्या दोन मुलांच्या बाबतीत असं धरता येत नाही, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं गणित आहे. २००३ मध्ये ती सुटली. तोवर तीनहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती, आणि सुटल्यावर सुमारे चार वर्षांनी ती वारली.

आपल्याकडे डीएनए हा शब्द ऐकला की न्यायालयातसुद्धा चर्चा थांबते. दिल्लीतल्या छावला बलात्कार-खून प्रकरणाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशी झालेल्या तिघांना मुक्त केलं. पीडितेच्या आईबापांचं काळीज फाटेल असा तो निकाल होता, आणि त्यावर देशभर संताप झाला. पण त्यातला एक भाग प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले गेले आणि प्रयोगशाळेकडे २७ तारखेला गेले. मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात होते. त्या काळात त्यांना कुणी हात लावला नाही याची खात्री देणारी साखळी उभी करता आली नाही. शिवाय अहवालातला निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलं नव्हतं, असंही निकालात म्हटलं आहे. आरोपी खरे असोत वा नसोत, एका मुलीचा न्याय मालखान्याच्या कपाटात आणि न वाचलेल्या अहवालात हरवला. यात दोष वैज्ञानिकाचा एकट्याचा नाही. मुद्देमाल कारकून, तपास अधिकारी, दोन्हीकडचे वकील, न्यायाधीश अशी मोठी साखळी आहे. यांतले बहुतेक जण बी.ए., बी.कॉम., एलएल.बी. होऊन येतात.

आणि आता काम वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. छत्तीसगडचे ३३ जिल्हे नजरेसमोर आणा. सुकम्यातल्या एखाद्या पाड्यावर रात्री मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल होतो. तज्ज्ञांची गाडी पोचेपर्यंत तिथे कोण असतं? कोटवार, शिक्षिका, आरोग्य कार्यकर्ती, ठाण्यातला तरुण शिपाई. यांच्यापैकी कुणालाही प्रेताजवळचा पेला उचलून ठेवावासा वाटतो, रक्त धुवावंसं वाटतं, बाईची साडी नीट करावीशी वाटते. ही माणुसकीच आहे. पण 'थांबा, हात लावू नका' असं म्हणू शकेल असा एक तरी जण त्या घोळक्यात असावा, आणि तो कुठल्या शाखेतून शिकून येईल हे आपण आज सांगू शकत नाही.

या अभ्यासक्रमाला आपल्याकडची मंडळी कमी पडायची नाहीत. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ इथे, हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ नवा रायपूरला, पंडित नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स शहरात, राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळाही शहरातच. अविभाजित मध्य प्रदेशात मुख्य प्रयोगशाळा सागरला होती; आज सगळं एका सिटी बसच्या अंतरात आहे. एवढं जवळ असूनही कायद्याचा विद्यार्थी व्हिसेऱ्याची बाटली पाहत नाही आणि वैद्यकाचा विद्यार्थी उलटतपासणी ऐकत नाही. त्या दोघांना एका वर्गात बसवण्याची पदवीतली जागा म्हणजे जोडविषय.

हे करण्यात नवं काही नाही, असं मी विरोधकांना सांगतो. या विद्येचा पाया घालणारा हान्स ग्रोस वैज्ञानिक नव्हता. तो ऑस्ट्रियातला तपास न्यायाधीश होता, ग्राझचा. तपासात सतत अडत असल्याने त्याने १८९३ मध्ये तपास अधिकाऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला, ज्यात ठसे, शस्त्रं, रक्त यांच्याबरोबर साक्षीदाराची स्मृती, गुन्हेगारांची बोली, दुभाष्याची निवड हेही होतं. त्याचं इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये मद्रासला छापलं गेलं, इथल्या तपासासाठी जुळवून. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, जगातला पहिला बोटांच्या ठशांचा ब्युरो कलकत्त्यात सुरू झाला आणि ठशांचं वर्गीकरण उभं करणाऱ्या अझिझुल हक यांनी त्यामागचं गणित बसवलं. ते शिकले होते गणित आणि विज्ञान, नोकरी पोलिसांत.

पेपर कोणते असावेत, याची यादी वाचून दाखवत नाही. ती अभ्यास मंडळाने करावी. पण पहिला पेपर पंचनाम्याचा असावा यावर मी हटून बसेन. पंचनामा म्हणजे न्यायविज्ञानाचं मूळ लेखन. खोलीत शिरल्यावर काय दिसलं ते लिहायचं, काय झालं असेल ते नाही. 'रक्ताचा डाग' लिहायचं नाही, 'तांबूस तपकिरी डाग' लिहायचं, कारण रक्त आहे की नाही हे अजून कुणी तपासलेलं नाही. अंतर 'जवळच' असं न लिहिता मोजून लिहायचं. वस्तू कोणत्या क्रमाने उचलली, कशात गुंडाळली, ओला कपडा आधी सावलीत वाळवून कागदात ठेवला की प्लास्टिकमध्ये कोंबला, लाखेच्या सीलवर ठसा कुणाचा, पंच कोण. हे सगळं विद्यार्थी एका रिकाम्या वर्गात मांडलेल्या बनावट प्रसंगावर करू शकतात. एकाच खोलीचे तीस पंचनामे शेजारी ठेवले की वर्गाला जे दिसतं ते कुठलंही व्याख्यान दाखवू शकत नाही. मग त्या पंचनाम्यावर विधी शाखेच्या मुलांनी उलटतपासणी घ्यावी, आणि लिहिणाऱ्याने उभं राहून उत्तरं द्यावीत.

दुसरा पेपर भाषेचा असावा, निदान छत्तीसगडमध्ये तरी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली पोलीस साक्षीदाराचा जबाब घेतात. साक्षीदार हलबी किंवा गोंडी बोलतो, शिपाई छत्तीसगडी, जबाब ठाण्याच्या हिंदीत उतरतो, आणि उच्च न्यायालयात तो इंग्रजीत वाचला जातो. वाटेत 'त्याने ढकललं' याचं 'त्याने मारलं' कुठे झालं, वेळ कुठे नक्की झाली, 'मला वाटतं' कुठे गळलं, हे शोधणं म्हणजे पुराव्याचं परीक्षण. डीएनएच्या नमुन्याला जशी हस्तांतराची साखळी लागते, तशी वाक्यालाही लागते, आणि त्या साखळीचा तपास भाषेचा विद्यार्थीच करू शकतो. आपल्या मराठी घरांतली इथली मुलं तीन-चार भाषांत वावरतात. ते त्यांचं भांडवल आहे.

सक्तीच्या सत्यशोधनाबद्दलही वर्गात बोललं पाहिजे. नार्को, पॉलिग्राफ, मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीवाचून करणं घटनेत बसत नाही, असा निकाल ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात आला. तरी प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यानंतर 'नार्को करा' ही मागणी उठते. ती मागणी करणारा शिकलेलाच असतो. त्याला हा निकाल पदवीत कधी भेटलेला नसतो.

समोर काही प्राचार्य बसलेले दिसतात. त्यांना माझी विनंती अगदी छोटी आहे. पुढच्या जुलैत सहाही पेपर सुरू करायची घाई नको. एक पेपर सुरू करा, पंचनाम्याचा. शिकवायला निवृत्त ठाणेदार बोलवा, मुद्देमाल सांभाळलेला कारकून बोलवा, जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर बोलवा, आणि कापड बाजारातला एखादा जुना व्यापारीही बोलवा. प्रवेशाच्या फॉर्मवर 'केवळ विज्ञान शाखेसाठी' ही अट घालू नका. वीस मुलं आली तरी वर्ग चालवा.